चिडवण्याचा पन्नास वर्षांचा हिशेब



बडोद्याच्या आठवणी लिहायला बसलं की हात आपसूक गोड गोष्टींकडेच वळतो. उत्तरायणाचे पतंग, गणपतीतले कार्यक्रम, दांडिया बाजारातली संध्याकाळ, शेव-उसळीच्या गाडीवरची ती तिखट वाफ, कमाटीबागेतली रविवारची दुपार. लिहिणाऱ्याला बरं वाटतं, वाचणाऱ्यालाही. आज मात्र त्याच दिवसांची दुसरी बाजू लिहितोय. शाळेत आणि गल्लीत काही मुलांना वर्षानुवर्षं त्रास दिला जायचा. रोज, ठरवून, चारचौघांत. ती मुलं मोठी झाली, नोकरीला लागली, आता आमच्यासारखी सत्तरीत आली. तो त्रास शाळेतच राहिला, की त्यांच्याबरोबर आला?

"एवढ्या जुन्या गोष्टी कशाला उकरता?" असं काहीजण म्हणतील. माझं शिक्षण बी.कॉम., तेही इथल्याच विद्यापीठातलं. पुढे ३९ वर्षं बँकेत काढली. मानसशास्त्राचा आणि माझा संबंध वाचण्यापुरता. पण खातं जुनं झालं म्हणून बाकी मिटत नाही, एवढं मला कळतं. आणि या विषयात जगात काही लोकांनी खरोखरच पन्नास वर्षं वही लिहून ठेवली आहे. ती वही काय सांगते ते आज सांगतो.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीत याला बुलिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही. चिडवणं, खोड्या काढणं, टपल्या मारणं हे सगळे हलके शब्द. छळ हा जड शब्द, तो आपण सासुरवासासाठी राखून ठेवलेला. मधलं काही नाही. दादागिरी म्हटलं तर मारणाऱ्याचा रुबाब दिसतो, मार खाणारा दिसतच नाही. आणि शब्द नसला की तक्रारही नीट करता येत नाही. मूल घरी येऊन सांगणार काय? "मला चिडवतात." घरचे म्हणणार, "तू चिडतोस म्हणून चिडवतात." विषय संपला.

अभ्यासकांनी याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. दोन बरोबरीच्या पोरांची मधल्या सुट्टीतली मारामारी यात येत नाही. ती झाली, गुडघे फुटले, दुसऱ्या दिवशी दोघं एकाच डब्यातून जेवली. इथे ज्याच्याबद्दल बोलतोय ते वेगळं.

माझा एक आत्तेभाऊ आमच्याच वाड्यात राहायचा. त्याला विचारूनच लिहितोय, फक्त नाव नको म्हणाला. तो बोलताना अडखळायचा. सकाळी हजेरीत नाव आलं की 'हजर' म्हणायचं, आणि त्याचा नेमका 'ह'च निघायचा नाही. मागच्या बाकांवरून आठ-दहा पोरं सुरात 'ह-ह-ह' सुरू करायची. मास्तरही हसायचे. हे पहिली ते सातवी, रोज. पुढे तो मुद्दाम हजेरी झाल्यावर यायला लागला. वर्गाबाहेर उभं राहायची शिक्षा त्याला परवडायची. एस.एस.सी.ला गणितात त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. पण ज्या नोकरीला तोंडी मुलाखत आहे, तिचा अर्ज त्याने कधी भरला नाही. एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नट-बोल्ट मोजत ३५ वर्षं काढली. लग्न केलं नाही. पंचेचाळिशीच्या आत रक्तदाब, आणि बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका. डॉक्टरांनी सगळं विचारलं. सिगारेट? तंबाखू? वडिलांना होतं का? तेलकट किती खाता? शाळेबद्दल कोण विचारणार?

आता एका माणसावरून सिद्धान्त निघत नाही. त्याला झटका शाळेमुळेच आला असं कुठला डॉक्टर म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. बँकेत एक खातं बुडालं म्हणून आपण सगळ्या कर्जदारांना बुडवे म्हणत नाही. त्यासाठी हजारो खाती, बरीच वर्षं, आणि पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी लागतात.

नोंदी ठेवण्यात आपलं बडोदं मागे नव्हतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानात लागू केला. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड होई. मुलांना शाळेच्या दारापर्यंत आणणं हेच त्या काळी डोंगराएवढं काम होतं, आणि ते झालं. पण दारातून आत गेलेलं मूल तिथे कसं दिवस काढतं, ते हजेरीपटात मावत नाही.

ते कसं काढावं लागे, याची एक नोंद त्याच सुमाराच्या साताऱ्याची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत शाळेबद्दल लिहून ठेवलं आहे. वर्गात त्यांना वेगळं बसावं लागे, बसायला स्वतःचं गोणपाट घरून आणायचं आणि परत न्यायचं. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर नाही. याला चिडवणं म्हणणं ही त्यांची थट्टा होईल. ती मोठ्या माणसांनी चालवलेली रीत होती. पुढे बडोद्याच्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेत शिकायला गेले, आणि १९१७ साली इथे नोकरीला आले तेव्हा याच शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. हे आपण बडोदेकरांनी विसरू नये. मी ते इथे आणलं एवढ्यासाठी, की मुलं कुणाला त्रास देतात हे बरेचदा मोठ्यांनी आधीच ठरवून दिलेलं असतं. ज्या जातीबद्दल, रंगाबद्दल, व्यंगाबद्दल, बोलीबद्दल घरात जेवताना हलकं बोललं जातं, तेच दुसऱ्या दिवशी वर्गात बोललं जातं.

मुलांमधल्या या त्रासाकडे समाजाचा प्रश्न म्हणून नीट पाहायला सुरुवात झाली ती उत्तर युरोपात. १९६९ साली पीटर-पॉल हाइनेमान या स्वीडिश डॉक्टरांनी शाळांच्या पटांगणात घोळक्याने एकाला गाठण्याच्या प्रकाराबद्दल लिहिलं. त्यासाठी त्यांनी मॉबिंग हा शब्द घेतला. तो कॉनराड लोरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाच्या लिखाणातून आला होता. पक्ष्यांचा थवा एखाद्यावर तुटून पडतो त्याला तो शब्द. कावळे घुबडाच्या मागे लागलेले आपण पाहिलेत, तसंच. त्यानंतर डॅन ओल्व्हेयस या मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९७३ साली स्वीडिशमध्ये आणि १९७८ साली इंग्रजीत आलं.

तरी सरकारं हलली नव्हती. १९८२ च्या अखेरीला नॉर्वेच्या उत्तर भागात १० ते १४ वर्षं वयाच्या तीन मुलांनी आपलं आयुष्य संपवलं. सोबत्यांकडून होणारा छळ हे त्यामागचं कारण असावं, असं पुढे आलं. सगळा देश हादरला. १९८३ साली तिथल्या शिक्षण खात्याने देशभर मोहीम काढली आणि ओल्व्हेयस यांनी बर्गन शहरातल्या ४२ शाळांत, सुमारे २५०० मुलांवर तिचा परिणाम मोजला. दोन वर्षांत त्रासाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. उपाय काही जगावेगळे नव्हते. मधल्या सुट्टीत शिक्षकांनी बाहेर उभं राहायचं. वर्गात चार स्पष्ट नियम करायचे. त्रास देणाऱ्या मुलाशी, सोसणाऱ्या मुलाशी आणि दोघांच्याही आईवडिलांशी गंभीरपणे बोलायचं. "मुलं म्हटली की हे चालायचंच" हे वाक्य मोठ्यांनी बंद करायचं.

म्हणजे हे थांबवता येतं, एवढं कळलं. पण जे थांबलं नाही त्याचं पुढे काय होतं? यासाठी वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. आणि नशिबाने ब्रिटनमध्ये कुणीतरी दुसऱ्याच कारणासाठी वाट बघत बसलं होतं.

१९५८ च्या मार्च महिन्यात, एका ठरावीक आठवड्यात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक बाळांची नोंद घेण्यात आली. हेतू साधा होता. बाळंतपणात आणि जन्मानंतर लगेच इतकी बाळं का दगावतात, ते शोधायचं. काम तिथेच संपायचं होतं. पण काही वर्षांनी कुणाच्या तरी मनात आलं की ही मुलं आता कशी आहेत ते बघावं. मग ती सात वर्षांची झाल्यावर, अकराव्या वर्षी, सोळाव्या, तेविसाव्या, तेहतिसाव्या, बेचाळिसाव्या, असं करत पन्नाशीपर्यंत आणि त्यापुढेही त्यांना गाठत राहिले. मी तेव्हा सहा वर्षांचा, बडोद्यात पाटीवर बाराखडी गिरवत होतो. म्हणजे ही मंडळी आपल्या धाकट्या भावंडांच्या वयाची. आज तीही निवृत्त झाली असतील.

सातव्या आणि अकराव्या वर्षीच्या भेटीत आईवडिलांना बऱ्याच प्रश्नांबरोबर एक प्रश्न विचारला होता. तुमच्या मुलाला इतर मुलं त्रास देतात का? कधीच नाही, कधीकधी, की वारंवार? उत्तरं नोंदवली आणि कागद फायलीत गेले. चाळीसहून जास्त वर्षांनी, २०१४ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या रिऊ ताकिझावा, बार्बरा मॉन आणि लुईस आर्सेनो या तिघांनी त्या उत्तरांची त्याच माणसांच्या पन्नाशीपर्यंतच्या तब्येतीशी सांगड घातली. एकूण ७,७७१ माणसं.

त्यातल्या २८ टक्के मुलांना कधीकधी आणि १५ टक्के मुलांना वारंवार त्रास झाला होता. चाळीस मुलांचा वर्ग धरला तर अकरा आणि सहा, मिळून सतरा. हे फक्त आईवडिलांना कळलेलं. जी मुलं घरी बोललीच नाहीत, ती 'नाही' याच रकान्यात गेली असणार.

तेविसाव्या वर्षीही आणि पन्नासाव्या वर्षीही या मुलांना मनाचा त्रास इतरांपेक्षा जास्त होता. ज्यांना वारंवार सोसावं लागलं, त्यांच्यात पंचेचाळिशीला नैराश्य, सततची धास्ती आणि जीव नकोसा होणं याचं प्रमाण जास्त आढळलं. पन्नाशीला शरीराचं स्वास्थ्यही कमी, स्मरणशक्ती आणि आकलनाच्या चाचण्यांत गुण कमी. शिक्षण कमी झालेलं. जोडीदार असण्याचं आणि अडीअडचणीला माणसं असण्याचं प्रमाण कमी. पुरुषांमध्ये बेकारी जास्त, कमाई कमी. हे वाचताना मला आत्तेभावाचं स्टोअर्स आठवलं, हे सांगायला नकोच.

तुम्ही विचाराल, आणि विचारलंच पाहिजे, की ही मुलं आधीपासूनच गरीब, अभ्यासात मागे किंवा स्वभावाने हळवी असतील, म्हणून पुढे आजारी पडली; त्रासाचा काय दोष? हा ऑडिटरचा प्रश्न झाला आणि तो बरोबर आहे. अभ्यासकांनी लहानपणीची बुद्धिमापन चाचणी, घरची परिस्थिती, आईवडिलांचं मुलाकडे असलेलं लक्ष, मुलाचे आधीचे वागण्यातले आणि मनाचे प्रश्न, हे सगळं हिशेबात धरलं. ते वजा करूनही फरक उरला. लहानपणी आईवडिलांपासून दूर, सरकारी देखरेखीखाली वाढलेल्या मुलांवर जो परिणाम दिसतो, त्याच्या तोडीचा हा परिणाम होता.

मन दुखावतं हे आपल्याला समजतं. पण शरीर? त्यासाठी पुढचं पान उघडावं लागतं. ही माणसं चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची असताना परिचारिका त्यांच्या घरी गेल्या, वजन-उंची घेतली, रक्त घेतलं. त्यात सीआरपी मोजला. कोविडच्या काळात हा शब्द आपल्या घराघरांत शिरला. शरीरात कुठे दाह चालू असला की रक्तात हे प्रथिन वाढतं. ताप-संसर्गात ते भरकन वाढतं आणि उतरतं. पण थोडंसं वाढलेलं आणि तसंच राहिलेलं असेल तर हृदयविकाराचा धोका वाढतो, असं डॉक्टर मानतात.

२०१५ साली निकाल आला. वारंवार त्रास झालेल्यांपैकी २० टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांचा सीआरपी धोक्याच्या पातळीवर होता. ज्यांना त्रास झाला नव्हता, त्यांच्यात १६ टक्के. आणि लहानपणी त्रास झालेल्या बायकांपैकी सुमारे २६ टक्के लठ्ठपणाच्या व्याख्येत बसत होत्या. न झालेल्यांपैकी १९ टक्के. सिगारेट, व्यायाम, आहार हे सगळं धरूनही फरक टिकला.

शंभरात चार जास्त. हे कमी वाटेल. वाटू दे, आकडा फुगवून सांगण्यात अर्थ नाही. शंभरातल्या ऐंशीजवळ माणसांचं रक्त ठीकच होतं, म्हणजे ज्याला चिडवलं तो आजारी पडणारच असा याचा अर्थ मुळीच नाही. पण ज्या माणसांनी सातव्या वर्षी फक्त मधली सुट्टी भोगली, त्यांच्या रक्तात अडतीस वर्षांनी त्याचा मागमूस सापडावा, हे मला चार टक्क्यांपेक्षा मोठं वाटलं. आणि देशभराचा हिशेब केला की शंभरातले चार म्हणजे गावंच्या गावं होतात.

अमेरिकेतून आलेली गोष्ट तर आणखी कडवट आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात १९९० च्या दशकात १,४२० मुलांचा अभ्यास सुरू झाला. विल्यम कोपलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली त्याचा निष्कर्ष मांडला. वयाबरोबर सीआरपी सगळ्यांचाच थोडा वाढतो. त्रास सोसलेल्या मुलांचा तरुणपणी जास्त वाढला होता. आणि ज्यांनी फक्त त्रास दिला होता, त्यांचा सगळ्यांत कमी. दुसऱ्याला खाली दाबून मिळालेली ऐट त्यांच्या प्रकृतीला मानवली, असाच याचा अर्थ लागतो. न्याय म्हणून बघितलं तर राग येतो. पण त्यातून हेही कळतं की "दोघांचंही पोरवय होतं, दोघंही विसरले" हे खरं नाही. दोघांच्या खात्यावर वेगवेगळी नोंद झाली.

हे होतं कसं? भीती वाटली की शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतं, रक्तदाब आणि साखर वाढवतं, पळायची किंवा भिडायची तयारी करतं. धोका टळला की सगळं खाली येतं. पण धोका रोज सकाळी हजेरीला येत असेल तर? इंग्लंड-वेल्समध्ये १९९४-९५ साली जन्मलेल्या जुळ्यांच्या अभ्यासात अशा जोड्या पाहिल्या, ज्यात दोघं तंतोतंत सारखी जुळी, घर एक, रक्त एक, पण एकालाच शाळेत त्रास झाला. बाराव्या वर्षी दोघांना थोडं ताणाचं काम दिलं. ज्याला त्रास झाला नव्हता, त्याचं कॉर्टिसॉल अपेक्षेप्रमाणे वाढलं. दुसऱ्याचं वाढलंच नाही. सारखी वाजवून वाजवून घंटा बंद पडावी, तसं. शरीराची दाह आटोक्यात ठेवण्याची व्यवस्थाही या संप्रेरकावर अवलंबून असते, म्हणून अभ्यासक सीआरपीकडे या वाटेने बघतात.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. नोव्हेंबर महिना, पेन्शनर मंडळींची हयातीच्या दाखल्यासाठी रांग. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ समोर सही करत होते. रांगेतून दुसऱ्या एका आजोबांनी त्यांना ओळखलं आणि आनंदाने मोठ्याने हाक मारली, शाळेतल्या नावाने. नाव नाकावरून पडलेलं, गलिच्छ होतं. हॉल हसला. हाक मारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याचे डोळे भरून आले होते. पण या गृहस्थांचा हात थरथरायला लागला. तीन वेळा सही केली, एकही नमुन्याशी जुळेना. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. माणूस समोर हजर, कागद हातात, तेव्हा काम काही अडलं नाही. जाताना हळूच म्हणाले, "साहेब, त्रेपन्न वर्षांनी ऐकलं हे." त्यांच्या नातवंडांना ते नाव माहीत नसणार. हाताला माहीत होतं.

बायकांचं आणखी निराळं. मुली मारत नाहीत, कट्टी करतात, वाळीत टाकतात, कुजबुजतात. आणि वर्गात 'काळी' म्हटलेलं घरातही म्हटलं जातं, लग्न ठरवताना परत म्हटलं जातं. आपल्या कुटुंबात एखादी मावशी, एखादी वन्सं अशी असते की कुठल्याही समारंभाच्या फोटोत ती मागच्या ओळीत, कुणाच्या तरी खांद्याआड. तिला कधी विचारलंय का, ही जागा कुणी दिली?

आता यात दिलासा देणारं पान. त्याच जुळ्यांच्या अभ्यासात असं दिसलं की आईची माया, भावंडांचा जिव्हाळा आणि घरातलं मोकळं वातावरण ज्यांना मिळालं, ती मुलं तेवढाच त्रास सोसूनही तुलनेने सावरली. म्हणजे शाळेत जे होतं ते आपल्या हातात नसेल, पण घरी आल्यावर काय होतं त्याने फरक पडतो. आणि आपण आजी-आजोबा त्या घरात दुपारी तीन ते सहा असतोच असतो. आईवडील कामावर.

कायद्याचं सांगायचं तर महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली केला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या राघवन समितीने २००७ साली अहवाल दिला आणि २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. पण त्यातलं आयोगाचं सगळं कॉलेजसाठी. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली. त्याने छडी गेली. सीबीएसईने २०१५ साली आपल्या शाळांना सोबत्यांकडून होणाऱ्या त्रासाबद्दल सूचना दिल्या. तरी आठ वर्षांच्या पोराला नऊ वर्षांच्या पोरांनी बसमध्ये रोज गाठलं, तर तो विषय अजूनही बहुतेक ठिकाणी "मुलामुलांचं आहे" म्हणूनच मिटवला जातो. शिवाय आमच्या वेळी घरी आलं की त्रास दाराबाहेर राहायचा. आता तो मोबाईलमधून पांघरुणात येतो.

म्हणून माझं आपल्या वयाच्या मंडळींना एवढंच सांगणं. नातवंड म्हणालं, "पोट दुखतंय, शाळेत जायचं नाही," आणि हे रविवारी दुखत नसेल, तर बसून विचारा. "दुर्लक्ष कर" म्हणू नका. सात वर्षांच्या मुलाला दुर्लक्ष करता येत नाही, ते आपल्याला तरी कुठे येतं? "तूही दे एक ठेवून" हेही नको. ठेवून देता आलं असतं तर ते तुमच्याकडे आलंच नसतं. कुणी, कुठे, कधी, हे तारखेसकट एका वहीत लिहा. ती वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा, आवाज न चढवता, आणि पुढच्या आठवड्यात काय झालं ते विचारायला परत जा. आणि आपलंच नातवंड त्रास देणारं असेल, तर कौतुकाने हसू नका. बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

आणि ज्यांनी स्वतः सोसलंय त्यांनी, लाज न बाळगता, पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगावं. माझ्या आत्तेभावाने गेल्या वर्षी सांगितलं. डॉक्टर तरुण होती. तिने पेन खाली ठेवलं आणि वीस मिनिटं ऐकलं. गोळ्या त्याच आहेत. पण आता रात्री झोप लागते, म्हणतो.

शाळेच्या बॅचचे मेळावे हल्ली सगळीकडे होतात, आमचाही यंदा डिसेंबरात आहे. यादी माझ्याकडे आहे. प्रत्येकाला फोन करताना मी एक प्रश्न विचारतोय, तुम्हीही विचारून बघा. छातीवर लावायच्या बिल्ल्यावर तुमचं कोणतं नाव लिहू? आतापर्यंत ३१ जणांना विचारलं. बहुतेकांनी हसून शाळेतलं टोपणनावच सांगितलं. चौघांनी जरा थांबून पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. त्या चौघांचे बिल्ले मी स्वतः लिहिणार आहे.